भूक नसलेला उपवास

मिलचा मुकादम अभिमन याने मूठ उघडली. तळहातावर तुरीची डाळ होती, निम्मीअर्धी फुटलेली, कडा झिजून पिठूळ झालेली.

“अक्का, माल बठ्ठा कोरडा शे, तरी डाळ फुटी ऱ्हायनी,” तो म्हणाला. “शेठले दखाडनं पडी.”

रूपलने वडिलांच्या, बाबूजींच्या खोलीचं दार ढकललं. बाहेर भर दुपार होती, आत संध्याकाळ करून ठेवली होती. पडदे ओढलेले, पंखा बंद, आणि भिंतीकडे तोंड करून बाबूजी पडलेले. पलंगाशेजारच्या स्टुलावर उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या होता. सकाळी तिने जेवढा भरला होता, तेवढाच भरलेला.

“बाबूजी, मिलमधून अभिमन आलाय.”

ते उठून बसले. उभा जन्म डाळ मिलमध्ये गेलेला माणूस. जळगावच्या बाजारात म्हणत, केवलचंद शेठच्या हातावर डाळ ठेवा आणि तूर कुठल्या शिवारातली ते विचारा. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. अभिमनने त्यांच्या हातावर डाळ ओतली. रूपल त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. आता तो हलेल, दाणा चिमटीत फिरेल आणि मुकादमाला एखादा टोमणा बसेल. अंगठा हलला नाही. थोड्या वेळाने बाबूजींनी हात तिरका करून डाळ अभिमनच्या ओंजळीत परत सोडली. चार दाणे फरशीवर सांडले.

“तुम्ही बघून घ्या,” ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

बाहेर आल्यावर अभिमनने लोटलेल्या दाराला हात जोडले.

“शेठनं तप मोठं शे, अक्का. आते त्यास्ले डाळबी नको.”

बाबूजींच्या उपवासाचा तो पाचवा दिवस होता. उपवासाची वाटली नव्हती एवढी भीती रूपलला त्या न हललेल्या अंगठ्याची वाटली.

ती त्याच सकाळी धुळ्याहून आली होती. तिथल्या एका कॉलेजात ती जीवरसायनशास्त्र शिकवायची. आदल्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तिच्या धाकट्या भावाने, अर्पितने, एका बॅनरचा नमुना टाकला होता. फेटा बांधलेले बाबूजी, मागे उगवता सूर्य, खाली मोठ्या अक्षरांत ‘मासखमण तपस्वी’. म्हणजे महिनाभर नुसत्या पाण्यावर, आणि तेही सत्तरी ओलांडल्यावर. खाली नातेवाइकांच्या जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रूपलने त्या रांगेत आपले हात मिळवले नाहीत. पिशवी भरली आणि पहाटेची एसटी धरली.

घरात आईला सगळे बाई म्हणत. बाई हिवाळ्यात गेली, झोपेतच. त्यानंतर बाबूजींनी आधी संध्याकाळचं जेवण सोडलं. मग दिवसातून एकदाच बसू लागले. मग आयंबिल सुरू केलं. तेल, तूप, दूध, साखर, मसाला काही नाही, नुसतं उकडलेलं धान्य. चातुर्मास लागला आणि तेही सुटलं. प्रत्येक पायरीवर जैन स्थानकात, म्हणजे साध्वींच्या प्रवचनाच्या जागी, ‘धन्य, धन्य’ झालं. तब्येत विचारायला येणाऱ्यांना ते एकच सांगत, “भूकच लागत नाही.” हे वाक्य समाजात फिरलं. लोक ते एकमेकांना असं सांगत, जणू शेठना काही सिद्धी मिळाली आहे.

रूपलला तपाचं वावडं नव्हतं. ती त्याच घरात वाढली होती. बाईने आयुष्यात कितीतरी अठाया केल्या होत्या, आठ-आठ दिवसांचे उपवास. पण त्यातला एकही तिने गप्प बसून केला नाही. उपवास चढू लागला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ठाण मांडायची आणि आज कढीला फोडणी कशाची दिलीस, म्हणून सुनेला छळायची. एकदा तिने स्वप्नात शेवभाजी खाल्ली, तीही कांद्यालसणाची, आणि सकाळी उठून प्रायश्चित्त विचारायला स्थानकातल्या साध्वींकडे, महासतीजींकडे गेली. महासतीजीसुद्धा मुखपट्टीआड हसल्या होत्या. बाईची भुकेशी रोज झटापट व्हायची. बाबूजींच्या खोलीत झटापटीचा आवाजच नव्हता.

अर्पित बैठकीत फोनवर मंडपवाल्याशी बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत रूपल उभी राहिली.

“बॅनर छापू नकोस,” ती म्हणाली.

“छापायला गेलंय.”

“मग थांबव. ते तप करत नाहीयेत, अर्पित. त्यांना डिप्रेशन आहे.”

त्याने आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

“हळू बोल, ताई. सगळ्या तपासण्या झाल्यात. शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. डॉक्टर स्वतः पाया पडून गेले. तुझं ते अमिनो-फिमिनो कॉलेजात ठेव, स्थानकात नको आणूस.”

“दुपारभर दार लावून पडून असतात. मिलमध्ये शेवटचे कधी गेले?”

“तपात विश्रांती लागते.”

“बाईला कधी लागली?”

अर्पितने समोरचा कप उचलला. चहावर साय धरली होती. त्याने तो तसाच खाली ठेवला.

“बाई माझीपण गेली ना,” तो म्हणाला. “तेव्हापासून या घरात जो येतो तो रडून जातो. आता लोक हात जोडत येतात, हसत येतात. या घरात एवढं एकच चांगलं चाललंय. तुला तेही रोग वाटतं.”

रूपल त्याच्याशेजारी बसली. त्याच्या कपातली साय तिने चमच्याने काढली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

“वाटत नाही,” ती म्हणाली. “आहे.”

मग उठून, डोक्यावरून ओढणी घेऊन ती स्थानकात गेली.

पचक्खाण म्हणजे सोडण्याची प्रतिज्ञा. ती महासतीजींकडून घ्यायची. उपवास करणारा सकाळच्या व्याख्यानात उभा राहून त्या दिवसाचं पचक्खाण मागतो. महिन्याचा उपवासही असा एकेका सकाळीच पुढे सरकतो. म्हणजे थांबवायला रूपलच्या हातात उद्याची सकाळ होती.

स्थानकात दुपारी कुणी नव्हतं. महासतीजी खिडकीच्या उजेडात बसून लाकडी पात्र फडक्याने पुसत होत्या. रूपलने वंदना केली आणि दूर बसली.

“वडिलांना साता आहे? बरं आहे ना?”

“त्यासाठीच आले. उद्याचं पचक्खाण त्यांना देऊ नका.”

महासतीजींचा हात थांबला नाही. “श्रावक मागतो, मी देते. आणि कुणाला जेव म्हणणं आमच्या तोंडी नाही. हे तुला सांगायला नको.”

“जेवा म्हणा, असं मी म्हणतच नाही. एक विचारायचंय. ज्याला भूकच लागत नाही, त्याने उपवासात सोडलं काय?”

आता हात थांबला.

“हे त्यांना विचारलंस?”

“नाही.”

“भावाशी भांडून आलीस, ते तोंडावर दिसतंय. मला विचारलंस. ज्याचा उपवास आहे त्याला नाही.” महासतीजींनी पात्र उलटं करून उजेडाकडे धरलं. “सूर्यास्ताला अजून वेळ आहे. जा.”

घरी येताना रूपलला स्वतःचाच राग आला. मुलांना ती सांगायची, आधी नमुना बघा, मग पुस्तक उघडा. सकाळपासून ती या घरात फिरत होती आणि बाबूजींशी तिची पाण्यापलीकडे दोन वाक्यं झाली नव्हती. खरी गोष्ट ही होती, की त्या अंधारात बसायची तिला भीती वाटत होती. तिथे बाईची साडी अजून खुंटीवर होती.

तिने दार उघडलं, पडदा हातभर सारला आणि खाली बसून फरशीवरचे डाळीचे दाणे वेचले.

“पाणी घ्या, बाबूजी. सूर्य मावळला की तेही बंद.”

ते उठले. दोन घोट घेतले. तिने तांब्या परत पुढे केला, तेव्हा आणखी दोन.

“काही खावंसं वाटतं?”

“नाही.”

“उपवास धरायच्या आधी वाटायचं?”

त्यांनी तांब्या स्टुलावर ठेवला. “बाई गेल्यापासून नाही.”

“मग उपवासात तुम्ही सोडलं काय?”

बाबूजींनी तिच्याकडे बघितलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच. रागावतील असं तिला वाटलं. रागावले असते तरी तिला चाललं असतं.

“सगळे म्हणतात...”

“सगळ्यांचं राहू द्या.” तिने ते चार दाणे त्यांच्या हातावर ठेवले. “ही का फुटली?”

“मशीनचे रोल आवळलेत,” ते दाण्यांकडे न बघताच म्हणाले. “फार आवळले की माल कितीही चांगला असो, डाळ कमी निघते आणि चुणी वाढते. ढोरांना घालायचा भुगा.”

“म्हणजे दुपारीच कळलं होतं तुम्हाला.”

“कळून काय करायचं?”

रूपलने ओढणीचं टोक मुठीत धरलं. हे उत्तर तिने पुस्तकांत वाचलं होतं. वडिलांच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं.

“तुमच्या मिलसारखंच एक सांगते, ऐका,” ती म्हणाली. “डाळीत प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजे माळ समजा. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यातला एक मणी ट्रिप्टोफॅन. तो अंगात तयार होत नाही, बाहेरून आणावाच लागतो.”

“तुरीत आहे?”

“आहे. मुगातही आहे. आत गेल्यावर त्याला वेगवेगळ्या वाटा असतात. थोड्या मालाचं सेरोटोनिन होतं. झोप, भूक, मन ठिकाणावर राहणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. पण बराचसा माल दुसऱ्या वाटेने जातो, त्याचं किन्युरेनिन होतं. तेही लागतंच. मात्र ताण फार दिवस मुक्कामाला राहिला, अंगात आतल्या आत दाह धरला, की काही माणसांत त्या दुसऱ्या वाटेला जास्त माल जातो. तिकडून पुढे जे तयार होतं, त्यातलं काही मेंदूला जाचक असतं.”

“चुणी वाढते,” बाबूजी म्हणाले.

“साधारण तसंच.”

त्यांचा अंगठा हलला. एक दाणा चिमटीत आला, फिरला.

“आणि मालच आणायचा बंद केला तर?”

“तुम्हीच सांगा.”

दाणा चिमटीतच होता.

“हे पक्कं आहे?” त्यांनी विचारलं. आवाज व्यापाऱ्याचा होता. सौद्याआधी नमुना मागणारा.

रूपलला हो म्हणता आलं असतं. त्या दोन वाटांचे बाण ती दरवर्षी फळ्यावर काढायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि कुणी कधी हे विचारलं नव्हतं.

“पूर्ण पक्कं नाही,” ती म्हणाली. “शास्त्रज्ञ अजून भांडतायत. काहींच्या रक्तात हा फरक दिसतो, काहींच्या नाही. एवढ्या एका मण्यावर मन चालत नाही. पण एवढं पक्कं आहे, की तुम्हाला झालंय तो आळस नाही आणि पुण्यही नाही. आजार आहे. त्याचे डॉक्टर असतात. धुळ्यात माझ्या ओळखीच्या आहेत, दिपमालाबाई. मी परवाची वेळ घेतलीय.”

“मला न विचारता?”

“हो.”

“बाईसारखंच करतेस.”

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. बाबूजी ते ऐकत बसले होते.

“मला काहीच नको असतं, असं लोकांना वाटतं,” ते हळूच म्हणाले. “तसं नाही. मला एक पाहिजे असतं. जेवणवेळ झाली की घर गप्प होतं. तेव्हा दार लावून इथे पडावं आणि कुणी उघडू नये. सकाळपासून मी त्याचीच वाट बघतो. बाई दुपारी इथेच पडायची ना. तेवढं मिळालं की दिवस निघतो.”

रूपलने त्यांच्या हातातले दाणे काढून घेतले, कारण त्यांची मूठ घट्ट होत चालली होती. पाण्याचा तांब्या तिने परत त्यांच्यापुढे धरला. या वेळी ते बरंच प्यायले.

“उद्या व्याख्यानाला मी येणार आहे,” ते म्हणाले. “अर्पितला सांग, गाडी लवकर काढ.”

ते काय मागायला जाणार आहेत, हे तिने विचारलं नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं. मात्र मनाशी तिने ठरवून टाकलं: उद्या पचक्खाण झालं, तर परवा पुन्हा विचारायचं. तेरवाही. ती कॉलेजात रजेचा मेल टाकायला उठली.

सकाळी स्थानक भरलं होतं. रूपल बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली. तिच्या पुढे बसलेल्या एकीने मागे वळून तिचा हात दाबला, “भाग्यवान गं तुम्ही.” पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत बाबूजी होते; शेजारी अर्पित, मांडीवर फेट्याचा डबा घेऊन.

व्याख्यान संपलं. बाबूजी उठले. उठताना त्यांचा तोल गेला, अर्पितने कोपर धरलं. सगळ्या सभागृहाने हात जोडले.

“कशाचं पचक्खाण?” महासतीजींनी विचारलं.

रोज हा प्रश्न नसे. रोज त्या थेट पाठ म्हणायला सुरुवात करत. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

“उपवास इथेच पूर्ण करतो,” बाबूजी म्हणाले. आवाज बारीक होता, पण सभागृह इतकं शांत होतं की मागेपर्यंत गेला. “जे मला नकोच होतं, ते मी पाच दिवस सोडत होतो. ते काही सोडणं नाही.”

कुणीतरी खोकलं. अर्पितने मान खाली घातली.

“मला एकच गोष्ट हवीशी वाटते. दुपारी खोलीचं दार लावून पडून राहायची. चातुर्मास संपेपर्यंत त्याचा त्याग द्या.”

महासतीजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून त्यांनी पाठ म्हटला, नेहमीच्याच सुरात, घाई न करता. बाबूजींनी जोडलेले हात कपाळाला लावले आणि बसले. ‘धन्य, धन्य’ कुणी म्हणालं नाही. कशाला म्हणायचं ते लोकांना कळलं नसावं.

परतताना घराच्या कोपऱ्यावर अर्पितने गाडी थांबवली, खाली उतरला आणि फोन लावला. “मंडप राहू द्या,” तो म्हणत होता. “नाही, तब्येत ठीक आहे. राहू द्या.” परत येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने आरशातून रूपलकडे बघितलं. “धुळ्याला मी पण येतो,” तो म्हणाला.

रूपलने मूग शिजवले, त्यांचं पाणी गाळलं आणि वाटीत ओतून बाबूजींसमोर ठेवलं. त्यांनी चमचा घेतला नाही. वाटी उचलून, औषध घ्यावं तसं, डोळे मिटून संपवलं. मग सवयीने उठून ते खोलीच्या दारापर्यंत गेले. तिथे थांबले. हात कडीवर होता. मागे वळून त्यांनी बैठकीकडे असं बघितलं, जणू हे घर दुसऱ्या कुणाचं आहे आणि बसायचं कुठे ते कुणी सांगत नाही.

“मिलमध्ये चला,” रूपल म्हणाली.

मिलमधल्या कचेरीचं दार दिवसा कधी लागतच नसे. पोती उतरत होती, मशीन चालू होतं, हवेत डाळीची धूळ होती. अभिमन धावत आला, पाया पडला, आणि रोलचं काहीतरी सांगू लागला. बाबूजींनी ऐकलं की नाही कळलं नाही. तो गेला. ते खुर्चीत बसून राहिले, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून, बस वळणावर असताना माणूस धरतो तशा. कपाळावर घाम होता. रूपल शेजारच्या स्टुलावर मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसली होती. एकच उत्तर ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

“दुपार एवढी मोठी असते?” बाबूजींनी विचारलं.

“असते.”

“घरी जाऊ?”

“नाही.”

खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. तिथून ते हलत नव्हतं.

“बाई काय करायची? अठाईत तिला असं झालं की?”

“भांडायची.”

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

ते त्यांना आठवलं असावं. ओठ जरा हलले. मग बराच वेळ ते कचेरीभर काहीतरी निमित्त शोधत असल्यासारखे बघत राहिले. भिंतीवरचं कॅलेंडर, तराजू, दारातून दिसणारी पोती, आणि शेवटी रूपल.

“तू सकाळी दिलंस ते मुगाचं पाणी,” ते म्हणाले. शब्द एकेक करून, ओझं उचलल्यासारखे येत होते. “अळणी होतं. मीठ घालायला विसरलीस.”

मीठ तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं. वाटी पुढे ठेवण्याआधी चाखूनही बघितलं होतं.

“हो,” रूपल म्हणाली. “उद्या घालते.”